म्युऑनच्या गावात गप्प बसून

चिकलठाणा

आधीच सांगून टाकतो, बर्फाचे डोंगर मी पाहिले नाहीत. स्वित्झर्लंडला जाऊन बर्फाचे डोंगर न पाहता आला, म्हणून गल्लीतल्या निम्म्या लोकांनी मला वेड्यात काढलं. नोव्हेंबरात त्या भागात धुकं असतं. सकाळी असतं, दुपारी असतं, संध्याकाळी दिवे लागले की पिवळं होऊन तिथंच असतं. मी पाहिलं ते धुकं, काँक्रीट आणि माझी बहीण. ज्यांना डोंगर हवेत त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं.

वाळूजच्या कारखान्यांमागच्या विहिरींचं पाणी नासलंय, यावर मी आणि माझे साथी पत्रकं काढतो, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतो, उत्तर आलं नाही की अपिलात जातो. त्या पत्रकांच्या जोरावर तिकडच्या एका पाणी परिषदेचं बोलावणं आलं. तिकीट त्यांचं. परिषदेबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की लोकांनी बाटलीतलं पाणी पीत पाण्याची चिंता केली. ती संपल्यावर मी ताईकडं गेलो. लिहायचं आहे ते तिथलं.

ताई म्हणजे प्रज्ञा, माझी थोरली बहीण. आमचं घर विमानतळाच्या भिंतीमागं, विमान उतरताना पत्रे वाजतात ते. पप्पा वाळूजला शिफ्टच्या बसनं जाऊन जाऊन रिटायर झाले, आई अंगणवाडीत. ताईनं इथल्या विद्यापीठात फिजिक्स केलं, बाहेर गेली आणि बाहेरच राहिली. एका प्रयोगशाळेत ती म्युऑन नावाच्या कणावर काम करते. तिचा करार हिवाळ्याबरोबर संपणार होता. प्रयोगात काही नवीन सापडलं तर काम वाढणार, ताई राहणार. नाही सापडलं तर गट मोडणार, ताई परत. परत म्हणजे कुठं? आमच्याकडं कॉलेजांत पक्क्या जागा भरत नाहीत. पीएचडी झालेली माणसं तासिका तत्त्वावर वर्ग घेतात आणि सुट्टी लागली की शिकवण्या शोधत फिरतात. त्यावरही माझं एक पत्रक आहे.

निघताना आईनं बॅगेत ज्वारीचं पीठ, येसरचा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी कोंबली. "तिला विचार," म्हणाली, "कधी सापडतंय म्हणावं ते." जसं काही ताईचं कानातलं हरवलंय.

दरीतलं गाव

गावाच्या मधोमध दगडी हौद आहे आणि त्यात नळ चोवीस तास वाहतो. बंद करायची चावीच नाही. पिण्याचं पाणी. कुणी भरत नाही, कुणी भांडत नाही, एक कबूतर येऊन चोच बुडवून गेलं. मी तिथं उभा राहिलो. आमच्या गल्लीत नळ येणार त्या दिवशी आई रजा टाकते.

"चल ना," ताई म्हणाली. "मीपण पहिल्या दिवशी अशीच उभी होते. थंडीत लई वेळ नको थांबू."

ती वाळली होती. गालाची हाडं वर आलेली. नदीकाठच्या एका जुन्या इमारतीत तिची खोली, खिडकीतून राखाडी नदी आणि पलीकडं पानं झडलेली झाडं. पहिल्या संध्याकाळी मी हौसेनं भाकरी थापली. तवा नव्हता, फ्राइंग पॅनवर टाकली. पीठ करपलं, धूर झाला आणि अख्ख्या इमारतीत भोंगा वाजायला लागला. सगळे भाडेकरू शिस्तीत जिना उतरून अंगणात ओळीनं उभे राहिले, स्वेटर घालून, एक अक्षर न बोलता. आमच्याकडं निदान चार जणांनी वर येऊन काय जळालं ते विचारलं असतं आणि दोघं जेवायला बसले असते. इथं दुसऱ्या दिवशी दाराला एक छापील सूचना चिकटवलेली मिळाली, नम्र भाषेत. मला त्या नम्रपणाचाच राग आला.

"तू कशावर रागवत नाहीस रे?" ताई हसून म्हणाली. मग तिनं करपलेली भाकरी चटणीशी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

हॉल

प्रयोगशाळेचा हॉल म्हणजे वाळूजच्या एखाद्या मोठ्या शेडएवढा. वर पिवळी क्रेन, खाली काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भिंती, कारण आतून जे येतं ते अंगावर घ्यायचं नसतं. दारात किल्ल्या, मोबाइल, कंबरेचा पट्टा काढून ठेवायला लागला. आत जबरदस्त चुंबक आहे. माझ्या शर्टावरचा निळा बिल्लासुद्धा काढायला लावला.

"चुंबकाला विचारधारा कळत नाय," ताई म्हणाली.

एका कठड्याशी थांबून तिनं मला जे समजावलं ते जमेल तसं लिहितो. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ. सेकंदाचे दहा लाख तुकडे केले तर त्यातले दोन तुकडे तो जगतो, मग फुटतो. आकाशातूनही पडतो. हात पसरला तर तळहातातून सेकंदाला एखादा आरपार जातो, चिकलठाण्यातही जातो. इथं मात्र ते यंत्रातून धारेनं काढतात आणि नळीतून चुंबकात सोडतात.

"भोवरा फिरताना डोलतो का नाय? तसाच हा," ताई हाताची बोटं फिरवत म्हणाली. "चुंबकात शिरला की डोलतो. एकाच पातळीत डोलला पाहिजे. जराजरी वर नाहीतर खाली झुकला, तर समजायचं, आपल्याला माहीत नसलेलं काहीतरी त्याला ढकलतंय. नवा कण म्हण, नवी शक्ती म्हण. आत्ताचं पुस्तक म्हणतं, झुकणार नाय. झुकला तरी कुणाला मोजता येणार नाय इतका बारीक."

"आणि झुकला तर?"

"तर लई जुन्या प्रश्नाचा धागा लागतो. विश्वाच्या सुरुवातीला द्रव्य आणि त्याचं उलटं द्रव्य, दोन्ही सारखंच होतं. एकमेकांना भिडून सगळं संपायला पाहिजे होतं. आपण उरलो कसे? कुठंतरी, कुणाच्या तरी बाजूनं, थोडा भेदभाव झाला."

"भेदभाव झाला म्हणून आपण उरलो?"

"व्हय. पत्रकात लिहू नको."

मग तिनं मला तिच्या टेबलाशी नेलं आणि पडद्यावरची रेघ दाखवली. मला फिजिक्स कळत नाही, पण रेघ आडवी आहे का तिरपी हे कळतं. ती तिरपी होती.

"ताई, झुकलंय की. सापडलंय."

"बस. बस खाली."

त्या रेघेत खोटा झुकाव मिसळलेला होता. यंत्रातला आकडा या लोकांच्या हाती येण्याआधीच त्यात मुद्दाम एक खोटं माप घातलं जातं आणि ते किती, हे फक्त दोन माणसांना माहीत असतं. एक परदेशात. दुसऱ्या उर्सुलाबाई, पूर्वी इथल्याच इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या प्रमुख, आता रिटायर होऊन गावात राहणाऱ्या. दोघांचा हिशेबाच्या कामाशी संबंध नाही. दोन वेगळे गट सगळं गणित पूर्ण करतात, चुका शोधतात, आता यापुढं काही बदलणार नाही असं जाहीर करतात. मगच तो खोटा झुकाव सांगायचा आणि वजा करायचा. उरेल ते खरं.

"म्हणजे तुमचीच माहिती तुमच्यापासूनच लपवता?"

"मुद्दाम. माणसाला पाहिजे ते दिसलं की तो तपासायचं थांबवतो. नको ते दिसलं की चूक सापडेपर्यंत खोदत बसतो. मग चुका एकाच बाजूच्या निघतात."

माझं डोकं तापलं. माझं अख्खं काम एका गोष्टीवर उभं आहे: ज्याच्याबद्दलचा आकडा, त्याला तो मिळाला पाहिजे. दडवणारा दोषी. इथं माझी बहीण रात्रंदिवस एका तिरप्या रेघेकडं बघत वाळत चालली होती आणि दोन किलोमीटरवर एक बाई उत्तर डोक्यात ठेवून निवांत कोंबड्या पाळत होती.

"तुला विचारावंसं वाटत नाही?"

"रोज वाटतं," ताई म्हणाली. "म्हणून तर त्यांच्या रस्त्यानं जात नाय."

रविवार, उर्सुलाबाईंचं घर

त्या गावात रविवारी मशिनला कपडे लावत नाहीत, आवाज होतो म्हणून. काचेची बाटलीसुद्धा कचऱ्यात टाकत नाहीत. आमच्याकडं रविवारी लाउडस्पीकर कुणाचा मोठा यावर मारामाऱ्या होतात. मी दोन्हीच्या विरोधात आहे.

उर्सुलाबाईंनी ताईच्या भावाला जेवायला बोलावलं होतं. ताईनं पाय रोवले, "तू जा, मी शिफ्टला हाय." जाताना बजावलं, "कोंबड्यांवर बोल. पाण्यावर बोल."

बाई सत्तरीच्या, ताठ, हात मोठे. किसलेल्या बटाट्याची जाड भाकरीसारखी पोळी तव्यावर लालसर केलेली, वर चीज, बाजूला लोणच्याची काकडी. चवीला चांगली होती, तिखट नव्हतं. त्या हळू इंग्रजीत बोलत आणि माझं इंग्रजीही हळूच, त्यामुळं जमलं. त्यांनी वाळूजच्या विहिरींबद्दल विचारलं, खरंच विचारलं, परिषदेतल्या लोकांसारखं नाही. नमुने कोण घेतं? मी म्हणालो, आम्हीच. कुठल्या विहिरी घ्यायच्या हे कोण ठरवतं? आम्हीच. बाटल्यांवर नावं? आम्हीच लिहितो. बाईंनी मान हलवली आणि आणखी बटाटे वाढले.

तेव्हा मी विचारलं. मला त्यात वावगं वाटलं नाही. म्हणालो, "बाई, आकडा नको. माझी बहीण झोपत नाही. तिला घर सोडायचंय की राहायचंय, एवढंच सांगा. सामान बांधायला घेऊ का?"

त्यांनी सुरी ताटलीवर आडवी ठेवली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्याबद्दल आत्ता लिहीत नाही. का, ते पुढं कळेल.

"मी काही सांगितलेलं नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "तू विचारलंस, हे मी कुणाला सांगणार नाही. तू तुझ्या बहिणीला सांग. काय करायचं ते तिला माहीत आहे."

निघताना त्यांनी चीजचा मोठा तुकडा कागदात गुंडाळून ताईसाठी दिला.

बस थांबा

सोमवारी सकाळी धुक्यात बस थांब्यावर मी ताईला सांगितलं. थोडं शेखी मिरवतच सांगितलं. कुणाला तरी विचारायची हिंमत झाली, या थाटात.

ताई बघतच राहिली. "काय विचारलंस?"

"सामान बांधू का म्हणलं. आकडा विचारला नाय."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"काय नाय. बटाटे वाढले."

"त्यांनी तुझ्याकडं कसं..." ती मधेच थांबली. हात वर करून मला थांबवलं, जसं काही मी बोलणार होतो. "नको. एक शब्द बोलू नको. चेहरा पण सांगू नको. काय दिलं का त्यांनी?"

"चीज दिलंय तुला."

तिनं डोळे मिटले. बस आली, दार उघडलं, ती चढली नाही. बस गेली.

"ताई, त्यांनी काही सांगितलंच नाही. कुणाचं काय बिघडलं?"

"मिलिंद," ती म्हणाली. एरवी मी मिल्या असतो. "ज्याला उत्तर माहीत हाय त्याच्याकडं माझ्या घरातलं माणूस गेलं आणि त्यानं उत्तर मागितलं. आता माझा आकडा कसापण आला तरी त्याच्याकडं बोट दाखवता येतं. आपल्यासारख्याच्या आकड्याकडं लोक तसंही दोनदा बघतात. मी इतकी वर्षं एकालापण जागा ठेवली नव्हती बोट ठेवायला. एकाला. तू ठेवलीस."

"मग सांगूच नको कुणाला. बाई तर सांगणार नाहीत."

"तू अर्ज टाकतोस ना लोकांवर? लपवलं म्हणून?"

पुढची बस आली. ती चढली आणि मी तिथंच राहिलो.

तिनं त्याच सकाळी गटाचे प्रमुख मार्को यांना सगळं सांगितलं. ठरलं असं की दुसऱ्या गटाचं गणित मुख्य धरायचं, ताईचं बाजूला ठेवायचं, आणि झुकाव उघडताना ताई खोलीत नसेल. निकाल वाचून दाखवायचं काम तिचं होतं, ते गेलं. ताईनंच हे सुचवलं, मार्कोंनी मान्य केलं. मी भांडायला गेलो. मी म्हणालो, गुन्हा कुठं घडलाय ते दाखवा. मार्को दमलेले गृहस्थ आहेत. म्हणाले, "गुन्हा नाही. कुणी रागावलेलं नाही. ती उत्तम काम करते." आणि मला कॉफी दिली. मोर्चे काढून, दारात बसून मी बरीच ऑफिसं हलवलीत. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. या लोकांशी कसं भांडायचं ते मला अजून माहीत नाही.

उरलेले दिवस ताई जेवताना खिडकीकडं तोंड करून बसायची, म्हणजे माझ्याकडं पाठ. मी येसरची आमटी केली. तिनं पाठमोरी खाल्ली आणि म्हणाली, "मीठ बरोबर हाय."

"आता तर तू बाहेर आहेस. आता माझं तोंड बघितलं तर काय होतंय?"

"मी अजून त्यांच्यातच बसते. उद्या माझ्या चालण्यावरून कुणाला काय कळलं तर?"

चीजचा तुकडा कागदातच राहिला. दोघांनीही त्याला हात लावला नाही.

काचेचं दार

झुकाव उघडला तेव्हा आम्ही दोघं बाहेरच्या बोळात कॉफीच्या मशिनजवळ उभे होतो. दाराला काचेची पट्टी होती, त्यातून पडदा दिसत होता. आत पंधरा-वीस माणसं. मार्को फोनवर उर्सुलाबाईंशी बोलले, मग परदेशातल्या माणसाशी. दोघांनी एकच आकडा सांगितला असावा, कारण मार्कोंनी मान हलवून तो टाइप केला. एका मुलीनं बटण दाबलं.

रेघ खाली बसली. सपाट. आडवी. सगळा तिरपेपणा घातलेलाच होता.

आत टाळ्या वाजल्या. जोरात नाही, पण सगळ्यांनी वाजवल्या. मला तर कुणाचं तरी डोकं फोडावंसं वाटलं. काही सापडलं नाही, निम्म्यांच्या नोकऱ्या जाणार, आणि टाळ्या? शेजारी आवाज झाला म्हणून वळून पाहिलं. ताईही टाळ्या वाजवत होती. एकटी, बोळात.

"काय सापडलं नाय ताई."

"नाय," ती म्हणाली. "पण आता माहीत हाय ना, इतक्या बारीक मापापर्यंत नाय ते. यापुढं शोधणाऱ्याला इथं परत खोदायला नको." तिचे हात थांबले. थोडा वेळ ती त्या सपाट रेघेकडं बघत राहिली, एखाद्याचं नाव यादीत नाही हे पुन्हा एकदा तपासावं तशी. "माझ्या गणितातपण हेच आलं असतं. मी आता वजा करून बघितलं. मनात."

मग माझ्याकडं वळली, बऱ्याच दिवसांनी समोरासमोर.

"आता सांग. त्यांचं तोंड कसं झालं होतं?"

मी सांगितलं. आमच्या शेजारच्या काकांचा रिपोर्ट हातात देताना घाटी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काकूंकडं जसं पाहिलं होतं, तसं. आणि दारात चीज देताना माझा हात जरा जास्त वेळ धरला होता.

"म्हणजे तुला त्या दिवसापासून माहीत होतं."

"व्हय."

"आणि तू गप्प बसलास." ती क्षणभर हसल्यासारखी झाली. "तू."

त्या संध्याकाळी आम्ही चीज खाल्लं. वास उग्र होता. ताई म्हणाली, चांगल्यातलं हाय, महाग असतं. मग कपाटावरची रिकामी बॅग तिनं खाली काढली, धूळ पुसली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

वाळूज

घरी आल्यावर आईनं दारातच विचारलं, "सापडलं का?"

"नाही. आता ती नक्की सांगू शकते, तिथं नाहीये म्हणून."

आईनं माझ्या हातातली बॅग घेतली. मग म्हणाली, "मग येती का?" मी म्हणालो, येईल, उन्हाळ्याच्या आत. पप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला, एवढंच. दुसऱ्या दिवशी आईनं कोपऱ्यातली खोली झाडून काढली. तिथल्या आमच्या पत्रकांचे गठ्ठे मला बाहेर व्हरांड्यात आणून रचावे लागले.

ताईनं दोन कॉलेजांना अर्ज केलेत. दोन्हीकडून उत्तर आलं, तासिका तत्त्वावर बघू. हे मी शांतपणे लिहितोय, पण शांत नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही विहिरींचे नमुने घ्यायला वाळूजला गेलो होतो. दर वेळी कंपनीचा वकील एकच म्हणतो, विहिरी यांनी निवडल्या, बाटल्या यांनी भरल्या, नावं यांनी लिहिली. दर वेळी मी त्याला दलाल म्हणून पत्रक काढतो. तो दलाल आहेच. पण त्याला बोट ठेवायला जागा मी दिलीय, हे मला बटाटे खाताना कळलं नव्हतं, बस थांब्यावर कळलं.

यंदा कारखान्यांच्या भिंतीमागच्या वाईट विहिरी घेतल्या तशाच ओढ्यापलीकडच्या चांगल्या म्हणवणाऱ्याही घेतल्या. भरलेल्या बाटल्या रिक्षात ठेवल्या आणि चिठ्ठ्या लावायची वेळ आली. आमची साथी शबाना कामगार वस्तीत राहते, तिचं लहान लेकरू भिंतीमागच्याच एका विहिरीचं पाणी पितं. नेहमीप्रमाणे मी खिशातून पेन काढलं. मग ते तिच्याकडं दिलं.

"नावं नको. नुसते नंबर टाक. कुठला नंबर कुठल्या विहिरीचा, ते तुझ्याजवळच राहू दे. अहवाल येईपर्यंत मला सांगू नको. मी कितीही भांडलो तरी."

"क्या हुआ रे तुझे तिकडं?" शबाना म्हणाली. "आणि भिंतीमागचीच साफ निघाली तर? पत्रकावर काय छापशील?"

"ते छापावं लागेल."

"माझं पोरगं ते पाणी पितंय, मिलिंद."

"म्हणूनच."

तिनं पेनचं टोपण काढलं. मी रस्ता ओलांडला आणि शिफ्टच्या बसच्या थांब्यावर रिक्षाकडं पाठ करून उभा राहिलो. मागून बाटल्या एकमेकींवर वाजल्याचा आवाज येत राहिला. शबानाचं तोंड मी पाहिलं नाही.